घरच्या लँडलाइनवरचे नकोसे फोन कसे अडवावेत: कोकणातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मोबाइलवर नकोसा नंबर ब्लॉक करायला क्षण पुरतो. लँडलाइनवर तसं सोपं बटण बहुतेक घरांत नसतं. आणि कोकणात कितीतरी वाड्यांवर मोबाइलला रेंज धरत नाही, तिथे अजून हाच फोन घराचा आधार आहे. मुलं मुंबई-पुण्याला, घरात दोघंच म्हातारी माणसं. रिंग वाजली की गुडघे सांभाळत माजघरातून पडवीपर्यंत यायचं, आणि पलीकडून विचारणा होते की कर्ज हवंय का, जमीन विकायची आहे का. यात नुसता मनस्तापच होतो असं नाही. पोलीस किंवा बँकेचं सोंग घेऊन म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणारेही याच तारेवरून येतात. म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर न ढकलता, गणपतीला किंवा शिमग्याला घरी याल तेव्हा एक सकाळ देऊन पुरं करावं.

लँडलाइनवर एका उपायाने भागत नाही. कंपनीकडची नोंद, घरातलं फोनचं यंत्र आणि फोन उचलणाऱ्या माणसाची सवय, या तिन्ही ठिकाणी अडवणूक करावी लागते.

आधी एक गोष्ट ठरवा

तुमच्या घरी अनोळखी माणसाचा फोन यायला हवा की नको? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

घरात फक्त वयस्क माणसं असतील आणि फोन नातेवाइकांसाठीच असेल, तर ‘ओळखीचे तेवढेच आत’ ही पद्धत ठेवा. नकोशा नंबरांची यादी करत बसण्यात अर्थ नाही, कारण फोन करणारे रोज नवा नंबर वापरतात. आज एक अडवला तर उद्या दुसरा येतो. हव्या असलेल्या वीस-पंचवीस नंबरांची यादी मात्र वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही.

याउलट देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदाराला मार्च ते मे या हंगामात आंब्याच्या पेटीची विचारणा अनोळखी नंबरांवरूनच होते. मालवण, गुहागर, दिवेआगरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांचंही तसंच. अशा घरांनी अनोळखी फोन सरसकट बंद केले तर गिऱ्हाईक जाईल. तिथे ठरावीक नंबर अडवणं, सरकारी नोंद आणि तक्रार यांवरच भर द्यायचा. शक्य असेल तर पेटीवर आणि पाटीवर मोबाइल नंबर छापून लँडलाइन घरासाठी मोकळी ठेवा. पाटीवरचा नंबर एकदा याद्यांमध्ये गेला की परत निघत नाही.

नंबर दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही

फोन अडवणारं कुठलंही यंत्र येणारा नंबर वाचूनच काम करतं. त्यामुळे लाइनवर कॉलर आयडी (येणारा नंबर दाखवण्याची सुविधा) चालू आहे का ते सगळ्यात आधी बघा. स्क्रीन असलेला फोन लावा आणि स्वतःच्या मोबाइलवरून त्यावर रिंग द्या. (उलट दिशेने तपासायचं तर लक्षात असू द्या: १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावताना आधी ० लागतो.)

नंबर दिसला नाही तर कारण बहुधा पुढीलपैकी एक असतं.

सुविधाच चालू नसते. जुन्या जोडण्यांवर ती मागितल्याशिवाय मिळत नाही. फोन नंबर आणि शेवटचं बिल घेऊन एक्सचेंजमध्ये किंवा ग्राहक सेवा केंद्रात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

यंत्राला लाइनची भाषा कळत नसते. एक्सचेंजकडून नंबर दोन पद्धतींनी येतो, एफएसके आणि डीटीएमएफ. कुठली पद्धत येईल ते एक्सचेंजवर अवलंबून असतं. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये पुष्कळदा फक्त एफएसके असते. आखातातून किंवा बोटीवरून आलेल्या मुलाने हौसेने आणलेला महागडा कॉर्डलेस इथे नंबर दाखवत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. खोक्यावर दोन्ही नावं असलेला फोन घ्या.

तिसरं कारण किनाऱ्यावर फार भेटतं. खाऱ्या हवेने भिंतीवरच्या डबीतले स्क्रू आणि फोनच्या पिनेचे पितळी काटे हिरवे पडतात, लाइनवर खरखर येते आणि नंबराचे आकडे अर्धवट किंवा चुकीचे उमटतात. बोलणं नीट ऐकू येतं म्हणून लाइन चांगली आहे असं धरू नका. थोडीशी खरखरही आकडे बिघडवायला पुरते. पिन बदला, वायरीचं टोक सोलून ताजं तांबं उघडं करा आणि स्क्रूखाली पुन्हा घट्ट आवळा. डबी पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर असेल तर लाइनमनला सांगून ती आत घ्या. खांबापासून घरापर्यंतच्या वायरीला पॅच असतील तर अखंड वायर मागा.

१९०९ वर नोंद

‘डू नॉट डिस्टर्ब’ची, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद मोबाइलपुरती असते असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ही नोंद लँडलाइनलाही लागू आहे आणि फुकट आहे. ज्या फोनची नोंद करायची त्याच फोनवरून १९०९ लावा, कारण यंत्रणा येणारा नंबर बघूनच नोंद करते.

फोन जुना असेल तर त्याच्या बुडाशी किंवा बाजूला टी आणि पी असं छोटं सरकबटण असतं. ते टीवर ठेवा. पीवर असेल तर १९०९ लागतो, पण ‘मराठीसाठी अमुक दाबा’ म्हटल्यावर दाबलेलं पलीकडे कळतच नाही आणि माणूस कंटाळून फोन ठेवतो.

पुढे दोन पर्याय असतात: सगळ्या जाहिराती बंद, किंवा ठरावीक प्रकारच्याच बंद. प्रकार आठ आहेत: बँक-विमा-कर्ज, जमीन-घरं, शिक्षण, आरोग्य, वापरातल्या वस्तू व गाड्या, दूरसंचार-करमणूक-संगणक, पर्यटन, आणि खाद्यपेयं. ‘सगळ्या बंद’ हाच निवडा. बागायतदार आणि पाहुण्यांची सोय करणाऱ्यांनीही तोच निवडावा, कारण या नोंदीने गिऱ्हाइकाचा साधा फोन अडत नाही. फक्त जाहिरातीचे फोन अडतात. नोंद झाल्यावर मिळणारा क्रमांक फोनच्या वहीत लिहून ठेवा आणि परिणाम दिसायला काही दिवस जाऊ द्या.

या नोंदीने काय होत नाही, तेही समजून घ्या. नोंदणी केलेल्या जाहिरात कंपन्यांचे, म्हणजे १४०ने सुरू होणारे फोन थांबतात. बँक किंवा विमा कंपनीने तुमच्याच खात्याच्या कामासाठी केलेला फोन थांबत नाही. अशा फोनसाठी १६०० ही वेगळी मालिका आहे. तुम्ही स्वतः परवानगी दिलेली असेल तर तेही फोन येत राहतात, आणि परवानगी आपण नकळत देतो: जत्रेतल्या स्टॉलवर भरलेलं सोडतीचं कुपन, दुकानातलं कार्ड, गाडीच्या शोरूममधली वही. अशा कागदावर घरचा लँडलाइन नंबर लिहू नका आणि म्हाताऱ्यांनाही तसं सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरात करणाऱ्यांचा असतो. ‘तुमच्या गावात सेकंड होम’, ‘एनए प्लॉट’, ‘तुमची पडीक जागा विकायची आहे का’ हे फोन बहुतांशी त्याच वाटेने येतात. त्यांनी जाहिरातदार म्हणून नोंदणीच केलेली नसल्याने ते ‘डू नॉट डिस्टर्ब’ची यादी बघत नाहीत. त्यांच्यावर इलाज तक्रारीचा.

तक्रार अशी करा की तिची दखल घ्यावी लागेल

फोनशेजारी दोरीने पेन बांधलेली वही ठेवा. नकोसा फोन आला की चार गोष्टी लिहा: स्क्रीनवर दिसलेला पूर्ण नंबर, तारीख, वेळ, आणि कशाची जाहिरात होती ते एका ओळीत. कंपनीचं नाव सांगितलं असेल तर तेही. मग त्याच लँडलाइनवरून १९०९ ला तक्रार नोंदवा. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत ती जायला हवी. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. फेब्रुवारी २०२५मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने नियम बदलून ती वाढवली. नोंदणी नसलेल्या माणसाच्या जाहिरातबाजीची तक्रार तुमची स्वतःची नोंद नसतानाही करता येते.

एका तक्रारीने काय होणार, असं वाटतं. पण नवीन नियमानुसार दहा दिवसांत पाच तक्रारी जमल्या तरी नोंदणी नसलेल्या जाहिरातदारावर कारवाईची वेळ येते. पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद, पुन्हा तेच केलं तर सगळ्या कंपन्यांकडच्या जोडण्या वर्षभरासाठी बंद. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांना एकाच प्लॉटवाल्याचे फोन येत असतील तर त्या प्रत्येक घराने त्याच आठवड्यात आपापली तक्रार करावी. तक्रार क्रमांक मागून घ्या. ‘तपशील अपुरा’ म्हणून तक्रार बंद झाली तर बहुधा नंबर अर्धवट लिहिलेला असतो. तपशील बरोबर असूनही बंद केली तर तो क्रमांक देऊन त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

फसवणुकीचा संशय असेल, जसं की पोलीस, कस्टम, बँक, वीज तोडण्याची धमकी, तर ती वेगळी बाब आहे. तिची खबर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ‘चक्षू’ विभागात द्यावी. गेल्या तीस दिवसांतले फोन तिथे नोंदवता येतात. फॉर्मला मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, म्हणून घरातल्या ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याने तो भरावा. परदेशातून आलेला वाटणारा, पण स्क्रीनवर भारतातला नंबर दाखवणारा किंवा नंबरच न दाखवणारा फोन असेल तर दूरसंचार विभागाचा १९६३ हा क्रमांक आहे.

अडवणारं यंत्र: काय घ्यावं, कसं जोडावं

दोन मार्ग आहेत. कॉल ब्लॉकची सोय असलेला फोनच घ्यायचा, किंवा जुना फोन ठेवून त्याच्या आधी ब्लॉकरची डबी लावायची. आमचा कल पहिल्याकडे आहे. वायरी कमी, जोड कमी, आणि किनाऱ्यावर प्रत्येक जास्तीचा जोड पुढे गंजतो.

फोन विकत घेताना दुकानदाराला ‘कॉलर आयडी आहे का’ एवढं विचारून थांबू नका. चार गोष्टी बघा. नंबर अडवण्याची यादी किती मोठी आहे? ‘१४०’सारख्या सुरुवातीच्या आकड्यांवरून अख्खी मालिका अडवता येते का? नंबर न दाखवणारे फोन अडवता येतात का? आणि फक्त फोनबुकमधल्या नंबरांनाच वाजू देण्याची सोय आहे का? वयस्क घरासाठी शेवटची गोष्ट पहिल्या तिन्हींहून महत्त्वाची.

जोडणीत चूक होते ती जागेची. ब्लॉकरची डबी भिंतीवरच्या जोडापासून येणाऱ्या लाइनवर आणि सगळ्या फोनांच्या आधी बसली पाहिजे. ओटीवर एक आणि माजघरात एक असे दोन पॅरलल फोन असतील आणि डबी एकाच्याच मागे असेल, तर दुसरा वाजतच राहतो. तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँड असेल तर आधी स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारा जोड), त्याच्या फोनच्या तोंडातून डबी आणि मग फोन. हा क्रम उलटा झाला तर इंटरनेट तुटत राहतं. फायबर असेल तर भिंतीवरची जुनी तार सोडून द्या. मोडेमच्या मागे ‘टेल’, ‘फोन’ किंवा ‘पॉट्स’ लिहिलेलं छोटं तोंड असतं, तिथून वायर डबीत आणि डबीतून फोनमध्ये. दोन तोंडं असतील तर बहुधा एकच चालू असतं. डायल टोन आली नाही तर दुसऱ्यात घालून बघा.

आता नंबर भरणं. सगळ्यात जास्त माणसं अडतात ती इथे. यंत्र आकडे जसेच्या तसे जुळवतं. एकच मोबाइल नंबर एका लाइनवर नुसता दहा आकडी दिसतो, दुसऱ्या लाइनवर आधी ० लागून येतो, कुठे ९१ लागून येतो. आपल्याकडच्या तालुक्यांत एसटीडी कोड पाच आकडी आणि घरचा नंबर सहा आकडी असतो. शेजारच्या वाडीतून आलेला फोन नुसता सहा आकडी दिसेल किंवा ०२३५२, ०२३६५ असा कोड लागून दिसेल. तेव्हा नंबर डोक्याने टाइप करू नका. आलेल्या फोनांच्या यादीत जा, तो नंबर निवडा आणि तिथूनच ब्लॉक यादीत किंवा फोनबुकमध्ये टाका. मालिका अडवतानाही स्क्रीनवर ती १४० दिसते की ०१४० ते बघूनच भरा. १६०० मात्र अडवू नका, नाहीतर बँकेचा खरा फोनही यायचा बंद होईल. अर्थात १६००वरून फोन आला म्हणून ओटीपी किंवा पिन सांगायचा असतो असं मुळीच नाही.

ब्लॉक केलेला नंबरही एकदा वाजून गप्प झाला तर यंत्र बिघडलेलं नाही. एफएसके पद्धतीत नंबर साधारणपणे पहिल्या रिंगनंतर येतो, त्यामुळे तेवढी एक रिंग ऐकू येतेच. काही फोनांत पहिली रिंग मुकी ठेवण्याची सोय असते, ती चालू करा.

‘ओळखीचे तेवढेच’ लावताना

यादी घाईत करू नका. मुलं-सुना, लेकी-जावई, भावंडं एवढ्यावर ती संपत नाही. डॉक्टर आणि त्यांचा दवाखाना, औषधाचं दुकान, गॅस एजन्सी, बँकेची शाखा, पोस्ट, देवळाचे पुजारी, शेजारची दोन घरं, रिक्षावाला, बागेचं काम बघणारा गडी, आणि मुलांच्या ऑफिसचा नंबर हेही हवेत. आधी पंधरवडाभर फक्त आलेल्या फोनांची यादी साठू द्या. एरवी जे आठवणार नाहीत, ते नंबर तिथे सापडतात.

मुलगा मर्चंट नेव्हीत किंवा आखातात असेल तर विशेष काळजी घ्या. जहाजावरून किंवा इंटरनेटवरून लावलेला फोन पुष्कळदा नंबराशिवाय येतो, नाहीतर दर वेळी वेगळाच नंबर दाखवतो. ‘नंबर न दाखवणारे अडवा’ हे चालू केलं तर नेमका त्याचाच फोन घरी लागणार नाही. अशा घरात ही सोय बंद ठेवा आणि आन्सरिंग मशीन असलेला फोन घ्या. यादीबाहेरच्या माणसाला आधी मराठीत रेकॉर्ड केलेला निरोप ऐकू येतो: ‘आपलं नाव आणि काम सांगा.’ घरातलं माणूस ऐकत असतं, आवाज ओळखीचा वाटला तर उचलतं. जाहिरातवाले बहुतेक तेवढ्यात फोन ठेवून मोकळे होतात. अपघात झाला किंवा दवाखान्यातून अनोळखी नंबरावरून फोन आला, तर त्यालाही ही वाट उघडी राहते. म्हणून खूप महाग नसेल तर आन्सरिंग मशीनवर खर्च करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फोन उचललाच तर

उचलल्यावर दोन-तीन सेकंद शांतता असेल तर ठेवून द्या. जाहिरातवाल्यांचं यंत्र एकाच वेळी अनेक घरांना फोन लावतं आणि कुणी उचलला की मग मोकळा माणूस शोधतं, ती शांतता त्याचीच असते. ‘नको असल्यास ९ दाबा’ असं म्हटलं तरी काहीही दाबू नका. दाबल्याने नंबर चालू असून ऐकणारं माणूस आहे एवढंच त्यांना कळतं. ‘दोन तासांत तुमचा फोन बंद होईल’ असा फोन ट्रायकडून कधीच येत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही अटक कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय, कुणीच फोनवर अटक करत नाही आणि फोनवर पैसे मागत नाही. आई-वडिलांना हे एकदा सांगून भागत नाही. जाड अक्षरात लिहून फोनच्या वर भिंतीवर लावा.

लँडलाइनची एक खास खोड आहे. काही लाइनींवर समोरच्याने फोन ठेवला नाही, तर आपण रिसीव्हर ठेवल्यावरही काही वेळ लाइन सुटत नाही. ठग सांगतो, ‘विश्वास नसेल तर ठेवा आणि बँकेला फोन करून विचारा.’ आपण ठेवून पुन्हा उचलतो, तो खोटी डायल टोन ऐकवतो, आणि आपण ‘बँकेला’ लावलेला फोन त्याच्याच साथीदाराकडे जातो. म्हणून खातरजमा करायची तर दुसऱ्या फोनवरून करा. दुसरा नसेल तर पाच मिनिटं थांबा आणि आधी शेजारच्या ओळखीच्या घरी फोन लावा. तिथे ओळखीचा आवाज आला की लाइन सुटली.

पैसे गेलेच तर लाजेपोटी रात्र घालवू नका. ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. धमकी किंवा अश्लील बोलणं असेल तर ११२.

पावसाळा आणि वीज

कॉर्डलेस फोन, फायबरचा मोडेम आणि ब्लॉकरच्या काही डब्या विजेवर चालतात. जून-जुलैत वीज दिवस-दिवस नसते, तेव्हा तांब्याच्या लाइनवर एक साधा वायरवाला फोन कपाटात तयार ठेवा. फायबरवाल्यांनी मोडेमसाठी छोटा डीसी यूपीएस घ्यावा. अडॅप्टरवरचे व्होल्ट (बहुधा १२) तंतोतंत तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. कॉर्डलेसचा अडॅप्टर कमी व्होल्टचा असतो, तो फोन या १२ व्होल्टवर लावू नका, जळेल. मेअखेर आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की फोनची पिन आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण विजेचा दाब फोनच्या तारेतूनही येतो.

स्क्रीन असलेल्या वायरवाल्या फोनला पेन्सिल सेल लागतात. सेल संपले की काही फोनांतली साठवलेली यादीही पुसली जाते, आणि दमट हवेत सेल गळून आतल्या पट्ट्या खातात. दर वर्षी पावसाआधी आणि दिवाळीत सेल बदला. अडवलेल्या आणि ओळखीच्या, दोन्ही याद्यांची नक्कल वहीत ठेवा.

आणि लाइन दुरुस्त झाल्यावर लाइनमन अंगणातून बाहेर पडण्याआधी मोबाइलवरून रिंग देऊन नंबर दिसतो का ते बघा. दुरुस्तीत एक्सचेंजमधली जागा बदलली की कॉलर आयडी बंद पडू शकतो. मग फोन अडवणारं यंत्र सगळ्यांनाच अनोळखी समजतं आणि मुंबईहून लेकीने केलेला फोनही घरात वाजत नाही.